अमली पदार्थ, फाशी आणि शाबितीचा भार

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ असे ज्याचे लांबलचक नाव आहे आणि न्यायालयाच्या आवारात वकिलांपासून कैद्यांच्या नातेवाइकांपर्यंत सगळेच ज्याला नुसते ‘एनडीपीएस’ म्हणतात, त्या कायद्याच्या ३५ व्या कलमात दोन पोटकलमे आहेत. ज्या गुन्ह्यात आरोपीचे मन दोषी असावे लागते, म्हणजे त्याला माहिती होती, त्याचा तसा हेतू होता हे दाखवावे लागते, तिथे ती माहिती आणि तो हेतू आरोपीच्या ठायी होताच असे न्यायालयाने धरून चालावे, आणि तसे नव्हते असे आरोपीचे म्हणणे असेल तर ते त्यानेच सिद्ध करावे, असे पहिले पोटकलम सांगते. दुसरे पोटकलम त्यापुढे जाते आणि बजावते की, हे सिद्ध करताना ‘तसे असण्याचा संभव अधिक आहे’ एवढ्यावर भागणार नाही, वाजवी संशयापलीकडे न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. एरवी आरोपीवर एखादी गोष्ट शाबीत करण्याची वेळ आलीच, तर दिवाणी दाव्याप्रमाणे संभवाचे पारडे आपल्या बाजूला किंचित झुकवले की त्याचे काम होते. इथे मात्र फौजदारी खटल्यात सरकारी पक्षाने वाहायचे ओझे उचलून, त्यातले छटाकभरही कमी न करता, आरोपीच्या डोक्यावर दिलेले आहे.

हा कायदा होण्याच्या आदल्याच वर्षी, १९८४ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने, ज्या देशांनी मृत्युदंड रद्द केलेला नाही त्यांच्यासाठी काही संरक्षक अटी ठरवून दिल्या होत्या. आरोपीचा दोष स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्यावर उभा असेल आणि घडलेल्या गोष्टींचा दुसरा कोणताही उलगडा शिल्लक राहिलेला नसेल, तरच मृत्युदंड द्यावा, अशी त्यांतली एक अट आहे. हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचले की अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी फाशी हा प्रश्न नेमका कुठे अडतो ते दिसू लागते. फाशी मुळात असावी की नसावी हा वाद जुना आहे आणि तो आपल्या जागी राहील. पण जिथे दुसरा उलगडा नाही याची खात्री पुराव्याने करून घेतलेली नसते, तर कायद्याने ती आधीच गृहीत धरलेली असते, तिथे त्या गृहीतावर माणसाचा जीव घेता येतो का, हा प्रश्न फाशीच्या समर्थकालाही टाळता येणारा नाही.

खुनाच्या खटल्यात मृतदेह असतो, जखमा असतात, बहुधा कुणीतरी पाहिलेले असते, आणि मेलेल्या माणसाचे नातेवाईक साक्ष द्यायला उभे राहतात. अमली पदार्थांचा गुन्हा हा बहुतांशी ‘कब्जा’चा गुन्हा असतो, म्हणजे एखादी वस्तू एखाद्याजवळ सापडली एवढ्यावर तो उभा राहतो. तक्रार करणारा कुणी नसतो, साक्षीदार बहुतेक वेळा छापा घालणारे अधिकारीच असतात, आणि खटल्याचा सगळा भार एका पुडक्यावर, त्याच्या वजनावर आणि ते बाळगणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक होते का या एकाच गोष्टीवर येऊन पडतो. पुडके बोलत नाही. बाळगणाऱ्याच्या मनात काय होते हे ठरवण्यासाठी न्यायालयाला आजूबाजूच्या परिस्थितीकडेच पाहावे लागते, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य खरा निरपराध माणूस आणि सराईत तस्कर दोघेही त्याच शब्दांत उच्चारतात.

मुंबईच्या एका जोडप्याचे उदाहरण इथे बोलके आहे. एका नातेवाइकाने दिलेले पुडके सामानात घेऊन हे पतिपत्नी २०१९ मध्ये कतारला गेले, दोहा विमानतळावर त्या पुडक्यात सुमारे ४ किलो चरस सापडला, आणि तिथल्या न्यायालयाने दोघांनाही १० वर्षांची कैद सुनावली. भारतातल्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने इकडे तपास केला, पुडके देणाऱ्यांनी त्यांना फसवल्याचे पुढे आले, खटला पुन्हा चालला आणि २०२१ मध्ये दोघेही निर्दोष सुटून घरी परतले. शिक्षा कैदेची होती म्हणून चूक दुरुस्त करायला वेळ मिळाला. दुसरा उलगडा होता, तो खरा होता, आणि तो पुढे यायला दोन वर्षांच्या आसपास काळ लागला.

भारतीय कायदेमंडळाला हा धोका अगदीच दिसला नव्हता असे नाही. एकीकडे गृहीते कडक केली, तेव्हा दुसरीकडे छाप्याच्या आणि जप्तीच्या पद्धतीवर याच कायद्याने बारीक बंधने घातली, आणि ही बंधने समजून घेतल्याशिवाय निष्पक्ष सुनावणी म्हणजे प्रत्यक्षात काय हे कळत नाही. खबरीकडून बातमी आली की अधिकाऱ्याने ती लिहून काढायची असते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाकडे पाठवायची असते. पुढे खटल्याच्या वेळी बातमी मागाहून रचली असा संशय उरू नये, यासाठी ही तरतूद. अंगझडती घेण्यापूर्वी ५० व्या कलमाप्रमाणे त्या माणसाला सांगावे लागते की, जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेतली जावी हा तुझा हक्क आहे. हा हक्क केवळ कागदावर नोंदवून भागत नाही, तो त्या माणसाला प्रत्यक्ष कळवला गेला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात आणि पुन्हा २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात स्पष्ट केले. मात्र हे संरक्षण अंगावरच्या झडतीपुरतेच आहे. हातातल्या पिशवीला, सुटकेसला किंवा गाडीच्या डिकीला ते लागू नाही, आणि माल तर बहुधा तिथेच असतो.

त्यानंतर पंचनामा येतो. पंच म्हणजे त्या जागच्या झडतीचे आणि जप्तीचे त्रयस्थ साक्षीदार, ज्यांच्यासमोर माल मोजला जातो, लाखेने सील होतो आणि कागदावर सह्या होतात. फौजदारी न्यायालयात काही दिवस बसलेल्या कुणालाही ठाऊक असते की, तेच ते पंच अनेक पंचनाम्यांवर दिसतात, की प्रत्यक्ष साक्षीच्या वेळी पंच फितूर होतात, आणि वजनकाटा कुठून आणला या साध्या प्रश्नावर तपासी अंमलदार अडखळतो. वजनाच्या आकड्यावर माणसाचे आयुष्य अवलंबून असलेल्या खटल्यात काटा कुणाचा होता, पिशवीसकट मोजले की पिशवी वगळून, नमुना कुठल्या पुडीतून घेतला आणि तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होता, हे प्रश्न तांत्रिक म्हणून उडवून लावता येत नाहीत. नमुने दंडाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घेतले जावेत, असे २०१६ मध्ये मोहनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला स्वतंत्रपणे बजावावे लागले, कारण ५२-अ कलमातली ही पद्धत ठिकठिकाणी पाळली जात नव्हती. जप्त केलेला मुद्देमाल न्यायालयापुढे आलाच नाही, तर सापडला तो हाच हे कशावरून मानायचे?

नेमक्या याच प्रश्नावर २००८ चा नूर आगा खटला निकाली निघाला. अमृतसरच्या विमानतळावर उतरलेल्या एका अफगाण नागरिकाजवळच्या द्राक्षांच्या खोक्यात हेरॉइन दडवलेले सापडले, असा सरकारी पक्षाचा दावा होता. पण जप्तीच्या मालाची हाताळणी आणि कस्टम अधिकाऱ्यांपुढे दिल्या गेलेल्या आणि नंतर नाकारल्या गेलेल्या कबुल्या इतक्या संशयास्पद ठरल्या की सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. गृहीतांची कलमे घटनाबाह्य ठरवायला न्यायालयाने नकार दिला. मात्र आरोपीवर भार टाकण्यापूर्वी माल त्याच्याच कब्जात होता हे मूळ तथ्य सरकारी पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध केले पाहिजे, आणि त्यानंतरही आरोपीवरचा भार सरकारी पक्षाइतका जड असू शकत नाही, संभवाच्या अधिकतेने तो फेडता येतो, असे त्या निकालात सांगितले गेले. शिक्षा जितकी कठोर तितका पुरावा काटेकोर हवा, हेही त्यात होते. हा निकाल ३५ व्या कलमाच्या शब्दांपेक्षा राज्यघटनेच्या अधिक जवळ जाणारा आहे.

कबुलीचा प्रश्न तर आणखी बारा वर्षे लोंबकळत राहिला. पोलिसापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा भारतीय कायद्यातला जुना नियम. पण अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे, महसूल गुप्तचर संचालनालयाचे किंवा कस्टमचे अधिकारी हे ‘पोलीस’ नव्हेत, असा युक्तिवाद करून ६७ व्या कलमाखाली त्यांच्यापुढे नोंदवलेले जबाब वर्षानुवर्षे शिक्षेचा आधार ठरत आले. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने, हे अधिकारीही त्या नियमापुरते पोलीसच आहेत आणि त्यांच्यापुढची कबुली पुरावा नव्हे, असे ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावरही करता येणार नाही, असे राज्यघटनेचे २० वे अनुच्छेद १९५० पासून सांगत आहे. या खटल्यांपर्यंत ते पोचायला ७० वर्षे लागली.

त्याच २०२० साली, एप्रिलमध्ये, हिरा सिंग खटल्यात दुसरा एक प्रश्न सुटला आणि तो आरोपीच्या विरुद्ध सुटला. या कायद्यात २००१ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक पदार्थाचे ‘अल्प प्रमाण’ आणि ‘व्यापारी प्रमाण’ ठरलेले आहे. हेरॉइनसाठी ते अनुक्रमे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो असे आहे, आणि व्यापारी प्रमाण ओलांडले की किमान १० वर्षांची कैद ठरलेली. बाजारात मिळणारा माल शुद्ध नसतो, त्यात भुकटी, औषधे, काहीही मिसळलेले असते. वजन धरताना शुद्ध पदार्थाचे धरायचे की सगळ्या मिश्रणाचे, यावर न्यायालयाचे आधीचे मत शुद्ध पदार्थाच्या बाजूचे होते. २०२० मध्ये ते फिरले आणि भेसळीसकट सगळे वजन मोजावे असे ठरले. यामागे तर्क आहे, कारण रस्त्यावर विष भेसळीसकटच विकले जाते. पण परिणाम असा की दोन माणसांजवळ तेवढेच हेरॉइन असूनही, ज्याच्या पुडीत भुकटी जास्त तो मोठा गुन्हेगार ठरू शकतो.

आता फाशीकडे वळता येईल. मूळ १९८५ च्या कायद्यात मृत्युदंड नव्हता. तो १९८८ च्या दुरुस्तीने ३१-अ कलमातून आला आणि १९८९ पासून लागू झाला. आधी एकदा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाने पुन्हा ठरावीक वजनापेक्षा जास्त मालाचा गुन्हा केला, म्हणजे अफू १० किलो, हेरॉइन १ किलो, कोकेन ५०० ग्रॅम, चरस २० किलो यांच्या पुढे गेला, तर त्याला मृत्युदंड ‘दिला जाईल’, असे त्या कलमाचे शब्द होते. न्यायाधीशासमोर दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता. आरोपी टोळीचा म्होरक्या आहे की चार पैशांसाठी पिशवी उचलणारा, तरुण आहे की म्हातारा, त्याने स्वतःहून केले की धाकाने, यातले काहीही विचारात घेण्याची सोय या कलमात नव्हती. शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याची जी पायरी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ठेवलेली होती, ती अशा खटल्यात नुसता उपचार होऊन बसे, कारण ऐकून घेणाऱ्याच्या हातात काही उरलेलेच नसे.

वास्तविक हे भारतात १९८३ मध्येच संपायला हवे होते. जन्मठेप भोगत असताना खून करणाऱ्याला फाशीच दिली पाहिजे असे सांगणारे भारतीय दंड संहितेचे ३०३ वे कलम त्या वर्षी मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रद्द केले, आणि तो मुख्य निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड हे पुण्याचे होते. न्यायाधीशाला शिक्षेबाबत विचारच करू न देणारी पद्धत ही २१ व्या अनुच्छेदातली न्याय्य, वाजवी पद्धत नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. हा निकाल समोर असताना पाचच वर्षांनी संसदेने तशीच तरतूद अमली पदार्थांसाठी लिहिली.

तिचा निवाडा मुंबईत झाला. शहराच्या विशेष एनडीपीएस न्यायालयाने २००८ मध्ये एका काश्मिरी आरोपीला चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी मृत्युदंड सुनावला होता. त्याची बाजू आणि अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्यांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क या संस्थाजाळ्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे आनंद ग्रोव्हर यांनी ती लढवली, आणि १६ जून २०११ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती भंगाळे यांच्या खंडपीठाने अनिवार्य फाशी २१ व्या अनुच्छेदाचा भंग करते असा निकाल दिला. कलम रद्द झाले नाही. ‘दिला जाईल’ हे शब्द ‘देता येईल’ असे वाचावेत, असे न्यायालयाने सांगितले. अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी फाशी कधीच देता येणार नाही हा याचिकेचा मोठा आग्रह मात्र मान्य झाला नाही. तरीही अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतली अनिवार्य फाशी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवण्याचे जगातले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण होते, आणि महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांवर अधिकार असलेल्या न्यायालयाने ते घालून दिले, याची आठवण मराठी वाचकाने ठेवावी अशी आहे. संसदेने २०१४ च्या दुरुस्तीने ३१-अ कलमाचे शब्दही बदलले आणि मृत्युदंड हा पर्यायांपैकी एक झाला.

या सगळ्याला जोरदार उत्तर आहे आणि ते हलक्यात घेण्यासारखे नाही. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या फुटपाथांवर ‘गर्द’ आला, म्हणजे ब्राऊन शुगर या नावाने विकले जाणारे अशुद्ध हेरॉइन आले, तेव्हा चांगल्या घरांतली तरुण मुले वर्षभरात हाडांचे सापळे झालेली या महाराष्ट्राने पाहिली. डॉ. अनिल अवचट यांचे ‘गर्द’ हे पुस्तक त्याच काळातले, आणि पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये त्याच अस्वस्थतेतून उभे राहिले. ज्या आईने मुलाला घरातली भांडी विकताना पाहिले आहे, तिला तस्कराच्या हक्कांची चर्चा क्रूर वाटली तर तिला दोष देता येणार नाही. तस्कराच्या मनात काय होते ते सरकारने दाखवावे म्हटले तर एकही तस्कर सापडणार नाही, हा सरकारी बाजूचा मुद्दाही पोकळ नाही. पण या मुद्द्यातून फार तर कठोर कैदेपर्यंत पोचता येते. गृहीताच्या आधारावर दिलेली कैद चुकीची निघाली तर माणूस, उशिरा का होईना, बाहेर येतो. आणि ज्याच्या कब्जात माल सापडतो तो बहुतेक वेळा साखळीतला शेवटचा, सर्वांत गरीब आणि सर्वांत सहज बदलता येणारा माणूस असतो, ज्याला फासावर लटकवले तरी गर्द आणणाऱ्याचा धंदा एक दिवसही थांबत नाही.

सिंगापूरमध्ये हे सगळे तर्क त्यांच्या टोकापर्यंत नेलेले दिसतात. तिथल्या १९७३ च्या कायद्यात १९७५ पासून अनिवार्य मृत्युदंड आहे आणि त्याची सीमारेषा शुद्ध हेरॉइनसाठी १५ ग्रॅम, कोकेनसाठी ३० ग्रॅम, गांजासाठी ५०० ग्रॅम आहे. गृहीतांची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. ज्या पेटीत किंवा खोलीत माल सापडला तिची किल्ली एखाद्याजवळ असली की माल त्याच्या कब्जात होता असे धरले जाते. कब्जा धरला की तो पदार्थ कोणता हे त्याला ठाऊक होते असे धरले जाते. आणि २ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइन कब्जात आहे हे शाबीत झाले की ते विकण्यासाठीच होते असे धरले जाते. ही रचना आणि अनिवार्य फाशी दोन्ही वैध आहेत, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९८० मध्ये ओंग आह चुआन खटल्यात ठरवले, आणि सिंगापूरची न्यायालये तीच वाट धरून चालली.

२०१३ पासून तिथे एक फट ठेवली गेली. आरोपी केवळ माल वाहून नेणारा होता आणि त्याने तपासाला मोलाची मदत केली असे प्रमाणपत्र सरकारी वकिलाने दिले, तर न्यायालय फाशीऐवजी जन्मठेप आणि किमान १५ फटके देऊ शकते. मानसिक विकाराने त्याची जबाबदारी लक्षणीयरीत्या कमी झाली होती असे सिद्ध झाले, तर फक्त जन्मठेप. प्रमाणपत्र द्यायचे की नाही हे न्यायाधीश ठरवत नाही, सरकारी वकील ठरवतो. खटल्यातला एक पक्ष दुसऱ्याच्या जीवनमरणाची किल्ली आपल्याजवळ ठेवतो ही गोष्ट निष्पक्ष सुनावणीच्या कुठल्याही व्याख्येत बसवणे कठीण आहे, आणि जो माणूस सगळ्यांत कमी जाणतो, ज्याला वरच्या साखळीतले एकही नाव माहीत नाही, त्याच्याजवळ द्यायला ‘मोलाची मदत’ नसते.

नागेंद्रन धर्मलिंगम या मलेशियन तमिळ तरुणाला २००९ मध्ये वुडलँड्सच्या सीमानाक्यावर पकडले तेव्हा त्याच्या मांडीला बांधलेल्या पुडक्यात ४२.७२ ग्रॅम हेरॉइन निघाले. त्याचा बुद्ध्यंक ६९ असल्याचे वैद्यकीय तपासणीत नोंदले गेले होते. न्यायालयाने ही न्यूनता सूट देण्याइतकी मानली नाही, प्रमाणपत्रही मिळाले नाही, आणि जगभरातून विनवण्या होऊनही २७ एप्रिल २०२२ रोजी त्याला फाशी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये फाशी गेलेल्या दुसऱ्या एका तमिळ माणसाने तर गांजाला हातही लावला नव्हता; फोन क्रमांकांवरून त्याचा संबंध जोडला गेला आणि १ किलोहून थोड्या अधिक गांजाच्या तस्करीला साहाय्य केल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत झाला. जबाब घेताना तमिळ दुभाषी मागूनही मिळाला नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि न्यायालयाने त्यावर विश्वास ठेवला नाही.

भाषेचा हा धागा वरवर लहान दिसतो, पण नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १४ व्या अनुच्छेदात, जिथे निष्पक्ष सुनावणीचे घटक दिलेले आहेत, तिथे आरोपीला कळणाऱ्या भाषेत आरोप सांगणे आणि विनामूल्य दुभाषी देणे या दोन स्वतंत्र अटी आहेत. इंडोनेशियात २०१० मध्ये पकडल्या गेलेल्या फिलिपिन्सच्या एका स्त्रीच्या सुटकेसमध्ये २.६ किलो हेरॉइन सापडले. तिची भाषा टागालोग. न्यायालयात तिला जो दुभाषी मिळाला तो इंडोनेशियन आणि इंग्रजी यांमधला, आणि इंग्रजी तिला पुरेशी येत नव्हती. २०१५ च्या एप्रिलमध्ये आठ जणांना गोळ्या घालून मारले गेले त्या रात्री तिचाही क्रम होता, पण तिला कामासाठी परदेशी पाठवणारी बाई त्याच सुमारास फिलिपिन्समध्ये पोलिसांच्या स्वाधीन झाली आणि अखेरच्या घटकेला तिचा देहदंड थांबला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती मायदेशी परतली.

मलेशियाचा मार्ग वेगळा गेला. कब्जा गृहीत आणि त्या गृहीत कब्जावरून पुन्हा तस्करी गृहीत, असे दोन मजली गृहीत उभारण्याची मुभा देणारे कलम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घटनाबाह्य ठरवले, आणि ४ जुलै २०२३ पासून अनिवार्य मृत्युदंडच रद्द झाला. इराणने २०१७ मध्ये फाशीसाठीच्या वजनाच्या मर्यादा बऱ्याच वाढवल्या, फाशींची संख्या काही काळ झपाट्याने घसरली, पण २०२१ नंतर ती पुन्हा चढली.

आंतरराष्ट्रीय कायद्याची भूमिका थोडक्यात अशी की, वरच्या कराराच्या ६ व्या अनुच्छेदाप्रमाणे मृत्युदंड ‘अत्यंत गंभीर गुन्ह्यां’पुरताच असू शकतो, आणि त्याचा अर्थ हेतुपुरस्सर जीव घेण्याचे गुन्हे एवढाच आहे, अमली पदार्थांचे गुन्हे त्यात कधीच बसत नाहीत, हे मानवी हक्क समितीने २०१८ च्या आपल्या विवेचनात निःसंदिग्धपणे लिहिले. सिंगापूर आणि मलेशिया या करारात नाहीत. भारत १९७९ पासून आहे.

सिंगापूरच्याच एका खटल्याने या विषयाची दुसरी बाजू उजेडात आणली. २०२० च्या मे महिन्यात, महासाथीच्या टाळेबंदीत, एका मलेशियन आरोपीला झूमवरून, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, मृत्युदंड सुनावला गेला आणि त्यावर जगभर टीका झाली. पडद्यावरून फाशी सुनावण्याचा अमानुषपणा सगळ्यांना खटकला; निकालाच्या आतल्या पुराव्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तोच पुरावा पुन्हा तपासला आणि त्याला निर्दोष सोडले.

भारतात अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी आजवर कुणाला प्रत्यक्ष फाशी दिली गेल्याची नोंद नाही, पण ३१-अ कलमात मृत्युदंड अजून आहे, आणि जामिनाच्या ३७ व्या कलमामुळे, म्हणजे आरोपी निर्दोष असावा असे मानायला सबळ कारण आहे असे न्यायालयाला आधीच वाटले पाहिजे या अटीमुळे, एनडीपीएसचे कच्चे कैदी निकालाआधीच वर्षानुवर्षे आत राहतात. मुंबईच्या तुरुंगांतल्या अशाच कैद्यांसाठी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जामिनाचे खास आदेश द्यावे लागले होते. नूर आगा निकालानंतरही ३५ व्या कलमाचे दुसरे पोटकलम कायद्याच्या पुस्तकात शब्दशः तसेच छापलेले आहे. तालुक्याच्या गावाहून आलेला, विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाला खटल्याच्या तारखेलाच पहिल्यांदा भेटणारा आरोपी पिंजऱ्यात उभा राहतो, पिशवी कुणी दिली आणि आत काय आहे असे सांगितले होते ते सांगू लागतो, आणि त्याला सरकारी पक्षाचा पहिला प्रश्न येतो तो हाच की, याला पुरावा काय.